जाहिरातीचं बजेट दुप्पट केलं तर ऑर्डरी दुप्पट येतात का?

प्राथमिक शाळेत आपण त्रैराशिक शिकतो. ५ वह्यांना १०० रुपये पडले, तर १५ वह्यांना किती? ३०० रुपये. हा हिशेब डोक्यात इतका पक्का बसतो की पुढे आयुष्यभर आपण तो सगळीकडे लावत सुटतो. म्हणूनच हल्ली एक प्रश्न मला वर्गातही विचारला जातो आणि पालकसभेनंतरही विचारला जातो : "सर, फेसबुकवर रोजचे ५०० रुपये टाकले की ६ ऑर्डरी येतात. मग ५,००० टाकले तर ६० येतील ना?"

नाही येणार. का नाही येणार, आणि मग बजेट वाढवायचं तरी कसं, हे आज आकडेमोड करून बघू. वही-पेन घेऊन बसा. हा विषय पुस्तकात नसला तरी त्याचं मूळ पुस्तकात आहे. बारावीच्या अर्थशास्त्रात 'सीमांत' हा शब्द येतो ना, तोच इथे कामाला येणार आहे.

बजेट देऊन आपण नेमकं काय विकत घेतो?

वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर दरपत्रक असतं. चौरस सेंटीमीटरला इतके रुपये. दुप्पट जागा हवी, साधारण दुप्पट पैसे द्या. तिथे त्रैराशिक चालतं. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीकडे असं दरपत्रक नाही. कुणीतरी मोबाइल उघडून बोटाने वर सरकवत असतो, मध्येच जाहिरातीची एक जागा येते, आणि त्या एका जागेसाठी त्या क्षणी लिलाव होतो. माणूस एक, जागा एक, बोली लावणारे मात्र कित्येक. त्यात तुमचा मसाला असतो, मोठ्या ब्रँडचा शाम्पू असतो आणि एखादा क्लासवालाही असतो.

हा लिलाव बाजार समितीतल्यासारखा नुसत्या बोलीवर सुटत नाही. मेटा तीन गोष्टी बघते : बोली किती आहे, हा माणूस तुम्हाला हवी ती कृती करेल याची शक्यता किती वाटते, आणि जाहिरातीचा दर्जा कसा आहे. म्हणजे चांगली जाहिरात योग्य माणसासमोर आली तर कमी बोलीतही जिंकू शकते. रोजचं बजेट ठरवून दिलं की यंत्रणा त्या पैशांत जास्तीत जास्त 'निकाल' आणायचा प्रयत्न करते. साहजिकच ती आधी अशा लोकांकडे जाते, जे कमी खर्चात आणि पटकन प्रतिसाद देतील असं तिला वाटतं.

आता विहिरीचं उदाहरण घ्या. सकाळी मोटर लावली की रात्रभर साठलेलं पाणी भराभरा येतं. साठा उपसला की मग झऱ्यातून जेवढं झिरपेल तेवढंच. दुसरी मोटर बसवली म्हणून झरे दुप्पट होत नाहीत, फक्त विजेचं बिल होतं. तुमच्या वस्तूची आजच गरज असलेली, तुमच्या भाषेतली, तुमच्या भावात बसणारी माणसं म्हणजे तो साठा. पहिले ५०० रुपये तिथे जातात. पुढचे ५०० थोड्या कमी गरजेच्या माणसांकडे, त्यापुढचे आणखी लांब. आणि ती माणसं दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीसाठी मोक्याचीही असू शकतात, म्हणजे लिलावात ती महाग पडतात.

हाच घटत्या फलाचा नियम. उसाला खताची पहिली गोणी जितकं उत्पन्न वाढवते तितकं चौथी गोणी वाढवत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही.

एक गृहउद्योग आणि त्याची वही

समजा, कोल्हापूरकडचा एक घरगुती व्यवसाय आहे. कांदा-लसूण मसाला. मिरची भाजून, डंकावर कुटून, अर्ध्या किलोच्या पाकिटात. (आकडे मी शिकवण्यासाठी घेतलेत, कुणा एकाच्या वहीतले नाहीत. तुमचे तुम्ही भरा.)

पाकिटाची किंमत ४५० रुपये. मिरची, खोबरं, कांदा, लसूण, तेल, कुटणावळ, पाकीट, मजुरी मिळून २१० रुपये. कुरिअर ६० रुपये. म्हणजे जाहिरातीचा खर्च धरण्याआधी एका पाकिटामागे १८० रुपये उरतात. हा १८० चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचा. एक ऑर्डर आणायला १८० पेक्षा जास्त लागले तर आपण आपल्याच खिशातून लोकांना मसाला वाटतोय.

जाहिरात कोणती? आपल्याकडे लहान व्यावसायिक बहुतेक वापरतात तीच, बटण दाबलं की व्हॉट्सॲपवर मेसेज उघडणारी. लोक विचारतात, आपण उत्तर देतो, ते यूपीआयने पैसे पाठवतात, आपण पार्सल टाकतो.

आणखी एक गोष्ट, जी पुष्कळ जण विसरतात. भारतातल्या जाहिरात-खात्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ५०० ची जाहिरात खिशाला ५९० ला पडते. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि बिलावर तुमचा नंबर असेल तर हा कर पुढे वजा करून घेता येतो. नोंदणी नसेल तर तो सरळ खर्च. आपल्या उदाहरणात नोंदणी नाही असं धरू.

आता रोजच्या बजेटच्या चार पायऱ्या. प्रत्येक पायरीवर दोन आठवडे थांबून रोजची सरासरी काढली असं समजा.

रोज ५०० रुपये : करासह ५९०. मेसेज ३०, ऑर्डरी ६.
रोज १,००० रुपये : करासह १,१८०. मेसेज ६०, ऑर्डरी १०.
रोज १,५०० रुपये : करासह १,७७०. मेसेज ९०, ऑर्डरी १३.
रोज २,००० रुपये : करासह २,३६०. मेसेज १२०, ऑर्डरी १५.

मोबाइलवरच्या जाहिरातीच्या अहवालात काय दिसेल? एका मेसेजचा खर्च चारही पायऱ्यांवर १६ रुपये ६७ पैसे. अजिबात न वाढलेला! स्क्रीनकडे बघितलं तर त्रैराशिक अगदी बरोबर चाललंय. वहीत मात्र पहिल्या पायरीवर ५ मेसेजांमागे १ ऑर्डर होती, शेवटच्या पायरीवर ८ मेसेजांमागे १ झाली.

असं का झालं? कारण आपण यंत्रणेला 'मेसेज आणून दे' असं सांगितलं होतं, तिने मेसेज आणून दिले. 'घेणारी माणसं आणून दे' असं आपण म्हटलंच नव्हतं. वर्गात गृहपाठाला 'दोन पानं लिहून आणा' म्हटलं की मुलं अक्षर मोठं काढून दोन पानं भरतात, त्यातलाच प्रकार. "प्राइस?" एवढंच विचारून गायब होणारा माणूस अहवालात आणि घेणारा माणूस अहवालात, दोघांची किंमत सारखीच.

दुसरंही एक कारण आहे आणि त्याला मेटा जबाबदार नाही. एका चौकशीला सरासरी ५ मिनिटं धरली तर ३० मेसेजांना अडीच तास लागतात. ९० मेसेजांना साडेसात तास, १२० ला पुरे दहा तास. घरात मिरची कोण भाजणार, पाकिटं कोण भरणार आणि व्हॉट्सॲपवर कोण बसणार? सकाळी विचारलेल्याला रात्री उत्तर गेलं की तोवर त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकीट आणलेलं असतं. बजेट वाढवायच्या आधी उत्तर देणारा माणूस वाढवावा लागतो, हे कुठल्याही जाहिरातीच्या स्क्रीनवर दिसत नाही.

सरासरी फसवते, सीमांत खर्च सांगतो

आता खरा धडा. चौथ्या पायरीवर एका ऑर्डरीचा सरासरी खर्च किती? २,३६० भागिले १५, म्हणजे १५७ रुपये. १८० पेक्षा कमीच आहे. मग फायदाच आहे की! अहवाल तर आणखी खुशीत असेल. २,००० च्या जाहिरातीवर ६,७५० ची विक्री, म्हणजे रुपयामागे ३ रुपये ३८ पैसे. हा आकडा बघून कुणीही म्हणेल, आणखी वाढवा.

थांबा. प्रत्येक पायरीला हातात काय उरलं ते काढू.

पहिली पायरी : ६ गुणिले १८० म्हणजे १,०८०, त्यातून ५९० वजा. उरले ४९० रुपये.
दुसरी : १,८०० वजा १,१८०. उरले ६२०.
तिसरी : २,३४० वजा १,७७०. उरले ५७०.
चौथी : २,७०० वजा २,३६०. उरले ३४०.

विक्री प्रत्येक पायरीवर वाढली आणि दुसऱ्या पायरीनंतर शिल्लक कमी होत गेली. चौथ्या पायरीवर हा माणूस पहिल्या पायरीच्या अडीचपट पाकिटं भरतोय आणि घरी १५० रुपये कमी नेतोय.

कारण शोधायला सरासरी उपयोगाची नाही. वाढीव पैशांनी वाढीव किती आणलं, ते बघायला हवं. ५०० वरून १,००० वर गेलो तेव्हा ५९० रुपये जास्त घातले, ४ ऑर्डरी जास्त आल्या. प्रत्येकी साडेसत्तेचाळीस अधिक शंभर, म्हणजे १४७ रुपये ५० पैसे. १८० पेक्षा कमी, ठीक. १,००० वरून १,५०० : तेच ५९० रुपये, ऑर्डरी ३. प्रत्येकी १९७. इथेच तोटा सुरू झाला. १,५०० वरून २,००० : ५९० रुपयांत २ ऑर्डरी, प्रत्येकी २९५ रुपये. या शेवटच्या दोन ऑर्डरींवर प्रत्येकी ११५ रुपये पदरचे गेले, पण पहिल्या सहा स्वस्त ऑर्डरींनी त्यांना सरासरीत लपवून टाकलं. वर्गातले चार हुशार विद्यार्थी निकालाची टक्केवारी वर ठेवतात आणि मागच्या बाकावरचं कुणाला दिसत नाही, तसंच.

अर्थशास्त्रात याला सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती म्हणतात. परीक्षेत पाच गुणांसाठी आकृती काढता ना, तिचा उपयोग हा असा आहे. बजेट वाढवायचं की नाही, हे 'आतापर्यंत फायदा झाला का' यावरून ठरत नाही. 'आत्ता वाढवलेल्या पैशाने काय आणलं' यावरून ठरतं.

पण १८० हा आकडा तरी खरा आहे का?

हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला आवडतो. कारण सगळा हिशेब त्या एका आकड्यावर उभा आहे आणि तो दोन्ही बाजूंना हलतो.

मसाला संपतो. आवडला तर माणूस पुन्हा मागवतो, आणि त्या वेळी जाहिरात लागत नाही, नंबर त्याच्याकडे असतोच. समजा, १० नव्या ग्राहकांपैकी ४ जणांनी सहा महिन्यांत आणखी एकदा मागवला. मग एका नव्या ग्राहकामागे १८० अधिक ७२, म्हणजे २५२ रुपये झाले. या हिशेबाने तिसरी पायरी (१९७ रुपये) परवडते, चौथी (२९५) तरीही नाही. पैठणीच्या व्यवसायात किंवा लग्नपत्रिकेच्या धंद्यात हा आधार फारसा मिळणार नाही.

उलट बाजूही आहे. आपण सगळे पैसे आधी आले असं धरलं. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली तर ऑर्डरी वाढतात, मान्य, पण पार्सलं परतही येतात. १० पैकी २ परत आली आणि जाण्या-येण्याचं कुरिअर १२० रुपये अंगावर पडलं असं धरा. ८ गुणिले १८० म्हणजे १,४४०, वजा २४०, उरले १,२००. दर ऑर्डरीमागे १८० नाही, १२० च. पाकीट फुटून आलं तर त्याहून कमी. आता दुसरी पायरीसुद्धा (१४७ रुपये ५० पैसे) परवडत नाही! जाहिरात तीच, बजेट तेच, फक्त पैसे घेण्याची पद्धत बदलली आणि उत्तर उलटं झालं. शिवाय बजेट वाढतं तसा लांबचा, आपल्याला न ओळखणारा ग्राहक वाढतो. पार्सल दारात आल्यावर "मी मागवलंच नव्हतं" म्हणणारे त्यातच जास्त निघतात, असा सांगणाऱ्यांचा अनुभव आहे आणि तो मला पटतो.

मग रोख रकमेचा प्रश्न. तिसऱ्या पायरीवर रोज १३ पाकिटं म्हणजे माल आणि कुरिअर मिळून ३,५१० रुपये, अधिक जाहिरात १,७७०. रोज ५,२८० रुपये खिशातून जातात. कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे कुरिअरवाल्याकडून हातात यायला दहा दिवस लागले, तर तेवढ्या काळात ५२,८०० रुपये अडकले. पहिल्या पायरीवर हाच आकडा २२,१०० होता. कागदावर फायदा असून लहान धंदे बसतात ते इथे. बचतगटातून उचललेले किंवा दागिने ठेवून आणलेले पैसे असतील तर हे दहा दिवस फार लांब वाटतात.

आणि माल? मसाला उन्हाळ्यात, मिरची चांगली असताना करून ठेवायचा असतो. ३०० किलो केला तर ६०० पाकिटं. रोज ६ गेली तर १०० दिवस पुरतात, रोज १३ गेली तर ४६ दिवस. माल संपल्यावर जाहिरात चालू ठेवली तर लोकांना 'संपला' हे कळवायला आपण पैसे देतोय.

वाढवायचंच असेल तर

पायरी-पायरीने वाढवा, एवढं सगळे सांगतात. का, ते कमी जण सांगतात.

नवी जाहिरात सुरू झाली की यंत्रणा आधी शिकते. कुणाला दाखवली तर प्रतिसाद येतो, कोणत्या वेळी येतो, कोणत्या जागी येतो. मेटा याला लर्निंग फेज म्हणते. या काळात खर्च वर-खाली होत राहतो. यातून बाहेर यायला एका ॲड सेटला आठवड्यात साधारण ५० निकाल लागतात, असं मेटाच्या मार्गदर्शनात वर्षानुवर्षं सांगितलेलं आहे. जाहिरात बदलली, लोकांची निवड बदलली, किंवा बजेटमध्ये मोठा फरक केला तर हे शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं. मेटाने दिलेलं उदाहरण असं : १०० डॉलरचे १०१ केले तर बहुधा फरक पडणार नाही, १०० चे एकदम १,००० केले तर पडू शकतो.

'एका वेळी २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका' हा जो नियम यूट्यूबवर छातीठोकपणे सांगितला जातो, तो या धंद्यातल्या लोकांनी आपापसांत रूढ केलेला आहे. वाईट नाही, पण तो वेदवाक्यही नाही. त्याने हिशेब केला तर ५०० चे ६००, मग ७२०, मग ८६४, मग १,०३७. चार पायऱ्यांत दुप्पट. प्रत्येक पायरीवर चार दिवस थांबलात तर सोळा दिवस. माझ्या मते या नियमाचा खरा फायदा यंत्रणेला नाही, आपल्याला आहे. दर पायरीला थांबून वही बघायची सवय लागते.

या ५० निकालांचा आणखी एक अर्थ निघतो. वेबसाइटवरची खरेदी हा निकाल ठरवला आणि एका खरेदीला ९८ रुपये लागत असतील, तर ५० खरेद्यांना आठवड्याला ४,९०० म्हणजे रोजचे ७०० रुपये एकाच ॲड सेटला हवेत. असं असताना रोजच्या ५०० चे पाच तुकडे करून, प्रत्येकी १०० रुपयांचे पाच ॲड सेट चालवणारे मी पुष्कळ बघतो. एका आंब्याच्या कोयीला पाच कुंड्यांत विभागून लावल्यासारखं आहे ते. थोडे पैसे असतील तर एकत्र ठेवा.

एका दिवसावरून निर्णय घेऊ नका. पगाराची तारीख, रविवार, पाऊस, क्रिकेटचा सामना, कशानेही आकडा हलतो. शिवाय मेटा रोजच्या बजेटपेक्षा एखाद्या दिवशी जास्त खर्च करू शकते आणि दुसऱ्या दिवशी कमी. रविवार ते शनिवार या आठवड्याची बेरीज मात्र रोजच्या बजेटच्या सातपटीपुढे जात नाही. म्हणून तुलना आठवड्याची आठवड्याशीच करायची. आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्याची तुलना आषाढातल्या आठवड्याशी करू नका. त्या दिवसांत सगळ्या मोठ्या कंपन्या लिलावात उतरलेल्या असतात, त्यामुळे तीच जागा महाग होते.

त्याच माणसांना तीच जाहिरात किती वेळा दिसतेय, तेही बघा. एकूण किती वेळा दाखवली, भागिले किती माणसांना दाखवली. अहवालात हा आकडा फ्रीक्वेन्सी नावाने मिळतो. तो चढत चाललाय आणि ऑर्डरी उतरत चालल्यात, तर विहीर उपसली गेलीय. तिथे पैसे वाढवण्यात अर्थ नाही, नवा झरा शोधावा लागतो. नवा झरा म्हणजे नवी जाहिरात किंवा नवी माणसं. भाकरी-पिठल्यावर मसाला टाकतानाचा फोटो बघून थांबणारा वेगळा, आणि डंकावर मिरची कुटतानाचा व्हिडिओ बघून थांबणारा वेगळा. माझा कल कायम आधी जाहिरात बदलण्याकडे असतो, कारण त्याला मेहनत लागते, जास्तीचा पैसा लागत नाही.

नवी माणसं म्हटलं की इंदूर, वडोदरा, बेंगळुरू इथली मराठी घरं लगेच आठवतात. विचार योग्य आहे, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. 'मराठी भाषा' अशी निवड केली की मोबाइलवर, ॲपमध्ये मराठी वापरणाऱ्यांकडेच मुख्यतः जाहिरात जाते, आणि आपल्यातले कित्येक जण फोन इंग्रजीतच ठेवतात. त्यापेक्षा जाहिरातच मराठीत करा, ज्याला वाचता येते तो आपोआप थांबेल. दुसरं, कुरिअर ६० चं ११० झालं तर १८० चे १३० झाले. तिथल्या बजेटचा हिशेब वेगळ्या पानावर.

श्रेय कुणाचं?

एक शेवटची अडचण. अहवालात दिसणारी प्रत्येक विक्री जाहिरातीने आणलेली असतेच असं नाही. वेबसाइटवरच्या खरेदीसाठी मेटाची नेहमीची मोजणी अशी : जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ७ दिवसांत, किंवा नुसती बघितल्यापासून १ दिवसात खरेदी झाली तर ती जाहिरातीच्या खात्यात. म्हणजे तुमची मावशी, जी दर महिन्याला मसाला घेतेच, तिला काल जाहिरात दिसली आणि आज तिने मागवला, तर श्रेय जाहिरातीला. उलटही होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ॲपलने आयफोनवर ॲपना माग काढण्यासाठी परवानगी विचारणं सक्तीचं केलं, तेव्हापासून काही खऱ्या विक्री दिसतच नाहीत.

हा घोळ मोठ्यांचाही होतो. ई-बे कंपनीच्या शोध-जाहिरातींवर ब्लेक, नोस्को आणि टॅडेलिस या अर्थतज्ज्ञांनी केलेले प्रयोग २०१५ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात छापून आले. 'ई-बे' हेच नाव शोधणाऱ्यांना दाखवायच्या जाहिराती कंपनीने थांबवून बघितल्या. जवळजवळ तितकीच माणसं शेजारच्या फुकटच्या दुव्यावरून आत आली. तिथे सोशल मीडिया नव्हता, शोध होता, पण प्रश्न तोच : ही माणसं नाहीतरी आली असती का?

लहान व्यावसायिकाला असा प्रयोग स्वस्तात करता येतो. दोन आठवडे साताऱ्यात जाहिरात बंद, सांगलीत चालू. पार्सलवर पिनकोड असतोच, तो वहीत टिपा. साताऱ्याच्या ऑर्डरी किती पडल्या ते बघा, मग पुढचे दोन आठवडे अदलाबदल करा. आकडे लहान असल्याने दोन-तीन ऑर्डरींच्या फरकावर उड्या मारू नका. पण निम्म्या पडल्या किंवा काहीच पडल्या नाहीत, तर ते डोळ्यांना दिसतं.

बजेट वाढवण्याआधी थांबण्याचा आकडाही वहीत लिहून ठेवा, आणि जाहिरात-खात्याच्या सेटिंगमध्ये एकूण खर्चाची मर्यादा घाला. ती सोय आहे, वापरणारे थोडे. वाढवलेलं बजेट पुन्हा कमी करण्यात कमीपणा नाही. आपल्या उदाहरणातल्या माणसाने २,००० वरून १,००० वर यावं, दिवसाला २८० रुपये जास्त मिळतील आणि संध्याकाळी पाच तास मोकळे.

स्वाध्याय

वरचाच मसाला इंदूरला पाठवायचा आहे. किंमत ४५०, माल २१०, कुरिअर ११०, सगळे पैसे आधी. रोज ३०० रुपयांच्या जाहिरातीवर ४ ऑर्डरी येतात, ६०० वर ६ येतात. जीएसटी १८ टक्के धरा, नोंदणी नाही.

(अ) दोन्ही पायऱ्यांवर रोज हातात किती उरतं?
(आ) ६०० वर सरासरी खर्च १३० च्या आतच आहे. तरी बजेट वाढवावं का? कारण द्या.
(इ) १० नव्या ग्राहकांपैकी किमान किती जणांनी आणखी एकदा मागवलं तर ही वाढ परवडेल? कुरिअर तेवढंच धरा.